सहा म्हणजे शून्य

पाला मी खाणीच्या काठावरूनच आणला,
तुर्भ्याच्या, जिथं क्रशर आता बंद आहे
आणि खड्ड्यात साचलेलं पाणी शेवाळून गेलंय.
वहीत लिहिलं : ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, दगडीपाला,
तारीख, वेळ सकाळी सात वीस.
जागेच्या रकान्यात अडले.
इथं माझा बाप दगड फोडायचा,
हे त्या रकान्यात मावेना.
'रस्त्याकडेला' असं लिहिलं.

अकरा दिवस पत्र्याखाली वाळवला, जुन्या पेपरांवर.
आई पाला ओलांडून जायची, म्हणायची,
एवढा कुणाच्या जखमेला गं?

छिन्नी निसटली की अण्णा नुसते वाकायचे,
पायाजवळची चार पानं खुडायचे,
दाढेखाली चुरून तळव्यावर थुंकायचे,
फडक्याची गाठ दातांनी ओढायचे
आणि घण पुन्हा वर.
मुकादमानं वर बघायच्या आत.

त्याच खाणीत यमनूरकाका.
तोच पाला, तशीच थुंकी, पोटरीला दगड लागलेला.
आठव्या दिवशी तापात गेला.
नमुने दोन.
दोनावर निष्कर्ष काढायचा नसतो,
हे टिपणीस मॅडम पहिल्याच तासाला सांगतात.

पूड अर्धी मिथेनॉलमध्ये, अर्धी पाण्यात.
पंचिंग मशीननं फिल्टर पेपरच्या चकत्या पाडल्या,
सहा मिलिमीटरच्या, टिकलीएवढ्या.
प्लेटवर जंतूंचा पातळ हात फिरवला,
स्टॅफिलोकोकस, जखमेतला जुना भाडेकरू,
आणि चिमट्यानं एकेक चकती ठेवली :
पाण्याची, मिथेनॉलमधल्या पाल्याची, नुसत्या मिथेनॉलची,
चौथी सिप्रोफ्लॉक्सासिनची.
सदतीस अंशांवर रात्रभर.
घरत काका इनक्युबेटरचं दार लोटताना म्हणाले,
"काय गो, तुला उगवायला हवंय का नको?"
मला सांगता येईना.

मी त्या रात्री झोपले, हे खरं लिहायला हवं.
कवितेत जागी राहिले असते.

सकाळी प्लेट उपडी धरली, खालून पट्टी लावली.
सिप्रोभोवती लख्ख अंगण, सत्तावीस.
मिथेनॉलमधला पाला : नऊ, दहा, नऊ.
नुसतं मिथेनॉल : सहा.
पाणी : सहा, सहा, सहा.
सहा आले तर! मी म्हटलं.
मॅडम चष्मा न काढता म्हणाल्या,
सहा म्हणजे चकतीच. ती स्वतःची जागा अडवून बसलीय, एवढंच.
शून्य समज.
पाण्याच्या चकतीला अगदी खेटून
जंतू दाट उगवले होते,
सायीसारखे, निवांत.

घरी सांगितलं. अण्णा जेवत होते.
पाल्यात आहे काहीतरी, मी म्हटलं,
थोडंसं. पण पाण्यात उतरत नाही ते.
थुंकीतही नसेल उतरत, हे नाही म्हटलं,
तरी त्यांनी ऐकलं.
मग कशात उतरतं?
मिथेनॉलमध्ये. एक प्रकारची दारूच, पण विषारी.
त्यांनी घास तसाच ठेवला.
"दारू तर यमनूरकडं होती की.
पाला होता, दारू होती.
एकात एक घालायचं राहिलं."
आणि हसले. मग हसू थांबवायचं कसं ते त्यांना सुचेना.

मी म्हणाले, तसं नसतं अण्णा, ते प्लेटवरचं आहे,
माणसात वेगळं, शिवाय नऊ म्हणजे फार नाही,
शिवाय एकदाच केलंय, तीनदा करायचंय.
बरोबर होतं सगळं.
आई ताट उचलून गेली.

अण्णा मोरीत उभे राहिले, नळ सोडून,
साबण लावला, बोटांच्या फटी, नखं, मनगट,
वर कोपरापर्यंत,
मी शिकवलं होतं तसे,
उजव्या तळव्यावरच्या पांढऱ्या वळापाशी जरा थांबून.
पाणी बराच वेळ चालू होतं.
शनिवारी पुन्हा खाणीवर जायचंय,
दुसऱ्या खेपेचा पाला आणायला.
म्हणाले, मी येतो,
कोवळा कुठं मिळतो ते तुला माहीत नाही.